टॅटू आखाजीला नको, आणि काढलाच तर एवढं तरी पाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) खरेदीचं पान आलं होतं, बांगड्या, साड्या, झोक्याचे दोर आणि त्याच पानावर खाली कोपऱ्यात टॅटूवर सूट म्हणून जाहिरात. ती बघितली तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात आहे, आज दुपारी दुकान बंद ठेवायच्या वेळेत बसले. पत्र लांबलंय, पण कापायचं असेल तर माझी हकिकत कापा, काळजीचा भाग कापू नका ही विनंती.

आमचं अमळनेरला मेडिकल स्टोअर आहे, मी स्वतः डी.फार्म आहे आणि सतरा वर्षं काउंटरवर उभी असते. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत टॅटूचं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं यायचं. आता चैत्र संपत आला की सुरू होतं, आखाजीला माहेरी आलेल्या मुली, सुट्टीला पुण्या-नाशिकहून आलेली कॉलेजची मुलं, मग सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात स्टॉल लागले की तिथून उठून सरळ आमच्याकडे, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "काकू, टॅटूवर लावायची ट्यूब द्या." कोणती ट्यूब, कशासाठी, काही नाही. फक्त ट्यूब. आणि बाहेर पारा ४४ च्या वर.

मी टॅटूच्या विरोधात नाही हे आधीच सांगते. आपल्याकडे गोंदण काही नवीन नाही, माझ्या सासूबाईंच्या हातावर तुळस आणि भावाचं नाव आहे, तिकडे नंदुरबारकडच्या भिल्ल बायांच्या कपाळावर, कानशिलावर गोंदण असतंच. माझं म्हणणं वेगळं आहे. सुई लागते ती तास-दोन तास, पण टॅटू चांगला होणार की बिघडणार हे त्याच्या पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं, आणि ते दोन-तीन आठवडे आपण वैशाखात घालवतो, आणि काळजीच्या सूचना मात्र एसीत राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या असतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीचं झालं ते सांगते. पोरगी पुण्याला नोकरीला, आखाजीच्या तीन दिवस आधी तिथेच हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, वेलीचा टॅटू काढून घेतला. स्टुडिओ स्वच्छ होता, नवी सुई तिच्यासमोर फोडली, काम सुंदर केलं, त्यांची काहीच चूक नाही. वरून ती पारदर्शक चिकटपट्टी असते ना, कातडीसारखी, ती लावून दिली आणि सांगितलं तीन-चार दिवस काढू नको. पुण्यात ऑफिसच्या एसीत बसणाऱ्या मुलीला हा सल्ला बरोबरच आहे. पण ही साध्या बसने दिवसभर प्रवास करून आली, खिडकीतून झळा, घामाने पट्टीखाली पाणी साचलं, कडेने सुटली, आत शाई-रक्त-घाम सगळं मिळून काळं पाणी हलताना दिसत होतं, आणि पोरगी म्हणे काढायची नाही सांगितलंय. दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) घालायला बसली, ऊन वर आलं तरी उठली नाही कारण घाट्याचं (शिजवलेल्या पिठाचं) पातेलं संपायचं होतं. हात खाजायला लागला म्हणून कुणीतरी घामोळ्याची पावडर टाकली. ती पट्टी संध्याकाळी सुटूनच पडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हयद लाव माय, काही व्हत नही." हळद लावली. मी दिवसभर दुकानात, मला रात्री दाखवलं. आखाजीच्या दिवशी मांडे करायला चुलीजवळ बसायची हौस होती तिला, त्या दिवशी अंगात ताप आणि काखेत गाठ. डॉक्टरांनी सात दिवस गोळ्या दिल्या, बरी झाली, पण दोन ठिकाणी वेल तुटलीये आणि एका पानावर कातडी उचललेली आहे ती आहेच.

यात कुणाला दोष द्यायचा? प्रत्येकाने चांगल्या मनानेच सांगितलं. कुणालाच हे माहीत नव्हतं की तिच्या हातावर चित्र नाही, जखम आहे. हे नीट समजलं की पुढचं अर्धं काम आपोआप होतं म्हणून जरा सांगते. टॅटूची शाई वरच्या कातडीत नसते, ती असती तर महिन्याभरात निघून गेली असती कारण वरची कातडी सतत झडत असते. सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत, खालच्या थरात शाई सोडते. तिथे शरीरातल्या पेशी तिला बाहेरची वस्तू समजून गिळतात आणि तिथेच धरून बसतात, म्हणून टॅटू टिकतो. पण तिथवर जाताना सुईने वरची कातडी हजारो ठिकाणी भोसकलेली असते. म्हणजे गाडीवरून पडून हात खरचटला तर जेवढं उघडं पडतं तसंच हे. खरचटलेल्या हातावर आपण घामोळ्याची पावडर टाकू का?

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, शाई मिसळलेलं पाणी येणं, हे सगळं ठीक आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात, उन्हाने सोललेल्या पाठीसारखे, रंगीत पापुद्रे बघून पोरं घाबरतात की टॅटूच निघाला, तसं नसतं. खाज जबरदस्त सुटते. दोन-तीन आठवड्यांत वरची कातडी भरून येते, आतली पूर्ण बसायला अजून एक-दोन महिने लागतात. खपली ओढली, नखाने खरवडली तर त्या जागची शाई सोबत येते आणि तिथे पांढरा ठिपका राहतो. खाज सुटली तर वरून हलकं थोपटायचं, किंवा स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून टॅटूच्या बाजूला धरायचा, थेट वर नाही.

आता धुण्याचं. सगळीकडे लिहिलेलं असतं कोमट पाण्याने दिवसातून दोन-तीनदा धुवा. आपल्याकडे दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या नळाचं पाणी हाताला चटका देतं, त्याला कोमट म्हणतच नाहीत. आणि बऱ्याच गावांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, मग ते ड्रममध्ये साठवलेलं, त्यात तांब्या बुडवलेला, पोरांनी हात घातलेला. ते पाणी नव्या टॅटूवर नको. सकाळी एक पातेलं पाणी उकळून झाकून गार करून ठेवा, दिवसभराचं धुणं त्यात होतं, टॅटू धुवायला पाणी लागतंच किती. आधी हात साबणाने धुवा, मग बोटांनीच, घासणी-टॉवेल नाही, बिनवासाचा सौम्य साबण लावून चिकट थर काढा. कोरडं करताना पुसायचं नाही, टिश्यू पेपरने टिपायचं. घरातला पंचा, जो चार माणसं वापरतात, तो तर अजिबात नको. डेटॉलसारखं औषध घट्ट ओतून धुणारे खूप येतात, त्याने कातडी भाजल्यासारखी होते आणि बरं व्हायला उलट वेळ लागतो. उन्हातून घाम गाळत आलात तर ते धुणं लगेच करा. कूलरसमोर बसून घाम वाळला म्हणजे हात स्वच्छ झाला असं नाही, मीठ आणि मळ तिथेच असतो.

क्रीमचा गोंधळ सगळ्यात मोठा. आपलं ऊन कोरडं, झळांनी खपली कडक होते आणि भेगा पडतात, म्हणून काहीतरी ओलसर लावायला लागतंच. पण लोक व्हॅसलिनचा जाड थर देतात, वरून घाम, घामाला बाहेर यायला जागा नाही, मग बारीक पुळ्या. आमच्या हवेत वासाचं नाही असं पातळ मॉइश्चरायझर पुरतं, धुतल्यावर दहा मिनिटं हात पूर्ण वाळू द्यायचा आणि मग मसुराच्या डाळीएवढं घेऊन पसरायचं, कातडी चमकली तर जास्त झालं, टिपून काढा. पहिले एक-दोन दिवस पाणी येत असताना तर अगदीच कमी.

आणि ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं ते म्हणजे ट्यूब. गजकर्णासाठी, खाजेसाठी म्हणून घराघरात ज्या मिक्स ट्यूब पडलेल्या असतात त्यात बहुतेक स्टेरॉइड असतं. खाज दोन तासात थांबते म्हणून पोरांना ती जादू वाटते. स्टेरॉइड जखम भरण्याचं काम मंदावतं, कातडी पातळ करतं आणि आत इन्फेक्शन असलं तर ते झाकून ठेवतं, वरून बरं दिसतं आणि आत वाढत जातं. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, गिऱ्हाईक चिडून दुसऱ्या दुकानात जातं, जाऊ दे. अँटिबायोटिक मलमसुद्धा आपल्या मनाने नको, काहींत निओमायसिन असतं, त्याची अॅलर्जी बऱ्याच जणांना येते आणि मग ती लाली टॅटूची की औषधाची हे डॉक्टरलाही ओळखू येत नाही. हळद, कडुलिंबाचा पाला वाटून, राख, टूथपेस्ट, खोबरेल तेल हे सगळं आपल्या माणसांनी प्रेमाने सांगितलेलं असतं पण उघड्या जखमेवर स्वयंपाकघरातली हळद म्हणजे डब्यात चार वेळा ओला चमचा बुडालेली पावडर. आजीला दुखवू नका, पण लावूही नका.

ती चिकटपट्टी असेल तर आपल्या हवेत रोज बघा. खाली पाणी साचलं, कड सुटली, की तीन दिवस झालेत का चार हे मोजत बसू नका, काढून टाका, पाण्याखाली धरून, वर न ओढता कातडीच्या समांतर ताणत हळूहळू. काही ठिकाणी नुसतं स्वयंपाकाचं प्लास्टिक गुंडाळून देतात, ते घरी पोहोचेपर्यंतच, दोन-तीन तासात काढून धुवायचं, रात्रभर ठेवून झोपायचं तर मुळीच नाही.

ऊन लागू देऊ नका, पण सनस्क्रीनही लावू नका. हे ऐकून पोरांचा गोंधळ होतो. जखम भरेपर्यंत त्याच्यावर सनस्क्रीन चालत नाही, तोवर कापडानेच झाकायचं. सैल, सुती, पूर्ण बाहीचा शर्ट, किंवा घरी धुतलेला मऊ ओढणीचा तुकडा हलका टाकायचा. रस्त्यावर जे घट्ट नायलॉनचे हातमोजे मिळतात ना, गाडी चालवताना खांद्यापर्यंत चढवायचे, ते नव्या टॅटूवर नकोत, घामाने चिकटतात आणि काढताना खपली घेऊन येतात. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर बाहेरची कामं करा. पूर्ण बरं झाल्यावर मात्र सनस्क्रीन कायमचं, एसपीएफ ३० किंवा वर, दर दोन तासांनी, कारण उन्हाने शाई फिकी पडते आणि मोटारसायकलवर हँडल धरलेला हात आपल्याकडे किती तास उन्हात असतो ते मोजा एकदा.

पोहायचं नाही. हे मी हात जोडून सांगते. गिरणा धरणाचं आवर्तन सुटलं की पाटात उड्या, विहिरीवर गर्दी, सुट्टीची मजा असते ती मला कळते, माझी पण मुलं आहेत. पण तीन-चार आठवडे टॅटू पाण्यात बुडवायचा नाही, ना पाट, ना विहीर, ना स्विमिंग टँक. अंघोळ तांब्याने, पटकन.

शेतात काम करणाऱ्या पोरांसाठी वेगळं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. रावेर-यावलकडची मुलं केळीच्या कापणीला जातात, केळीचा चीक कपड्याला लागला तर निघत नाही, तो ताज्या टॅटूवर लागला तर आग होते आणि तिथली कातडी बिघडते. खत फेकणं, फवारणी, कडबा उचलणं, गोठा, हे पंधरा दिवस दुसऱ्याला सांगता आलं तरच हातावर टॅटू काढा, नाहीतर दंडावर आतल्या बाजूला काढा जिथे धूळ आणि घास कमी. घरात बायांचं तेच, उन्हाळ्यात मसाला कुटायचा, मिरचीची भुकटी उडते, कुरडयांचा चीक, गच्चीवरचं वाळवण. पोरीच्या हातावर नवा टॅटू असेल तर तिला सावलीत पापड लाटायला बसवा, गच्चीवर पाठवू नका, कामाची आळशी झाली असं म्हणू नका.

झोपायचं म्हटलं तर आपण गच्चीवर झोपतो, धूळ असते. रोज धुतलेली सुती चादर घ्या आणि टॅटूच्या कुशीवर झोपू नका. सकाळी चादर चिकटलेली असली तर झटका देऊन ओढू नका, उकळून गार केलेलं पाणी त्यावर टाका, भिजलं की आपोआप सुटतं. डासांचं मलम त्या जागेवर नाही.

आता डॉक्टरकडे कधी जायचं. तिसऱ्या दिवसानंतर लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरत चालली, हात लावल्यावर गरम लागतंय, दुखणं वाढतंय, पिवळा पू, वास, ताप, काखेत किंवा जांघेत गाठ, किंवा टॅटूपासून वरच्या दिशेने लाल रेघ चढतेय, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी. पेनने लालीच्या कडेने हलकी रेघ मारून ठेवा, चार-सहा तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली का लगेच कळतं. साखर असलेल्यांनी तर टॅटूचा विचार डॉक्टरला विचारूनच करावा, त्यांची जखम उन्हाळ्यात काय हिवाळ्यात काय, लवकर भरत नाही. आणि महिन्या-दोन महिन्यांनी एका रंगावरच, बहुतेक लालवरच, उंचवटा आणि खाज आली तर ती शाईची अॅलर्जी असू शकते, ती ट्यूब लावून घालवायची गोष्ट नाही, कातडीच्या डॉक्टरला दाखवा.

सुई घ्यायच्या आधीचं थोडक्यात सांगते. सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातून काढली पाहिजे, शाई छोट्या नव्या वाटीत ओतलेली पाहिजे आणि उरलेली फेकली पाहिजे, हातमोजे नवे. एकाच सुईने दोघांना काढलं तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. शाई पातळ करायला नळाचं पाणी, साधं डिस्टिल्ड वॉटरसुद्धा चालत नाही, निर्जंतुक केलेलंच पाणी लागतं. २०११ साली अमेरिकेत रॉचेस्टर शहरात एकाच दूषित करड्या शाईमुळे १९ जणांच्या टॅटूवर चट्टे आले होते, आणि तो काय यात्रेतला स्टॉल नव्हता. यात्रेत धूळ उडत असते, एका बादलीत सुई बुचकळून पुढच्याला लावतात असं दिसलं तर तिथून उठा, पैसे दिले असले तरी उठा. हिपॅटायटिस बीची लस आहे, ती घेतलेली नसेल तर आधी घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. आणि टॅटू काढल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही, आपल्याकडे जयंतीला, वाढदिवसाला शिबिरं लागतात, तिथे फॉर्मवर खरं लिहा.

सासूबाईंना मी नंतर विचारलं होतं, तुमचं गोंदण कधी काढलं. म्हणाल्या, कपाशी वेचून झाली की गोंदणारी बाई यायची, थंडी असायची, आणि गोंदल्यावर आई आठ दिवस त्या हाताने पाणी भरू द्यायची नाही. उन्हाळ्यात कुणी गोंदायचं का विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिल्या. हळद त्यांच्या लक्षात राहिली, पण ती थंडी आणि ते आठ दिवसही त्या हळदीसोबत होते हे सांगायचं राहून गेलं. माझं तरुण मुलांना हेच सांगणं आहे की घाई काय आहे, डिझाइन आत्ता ठरवा, पैसे साठवा आणि दिवाळीनंतर काढा. घाम नाही, झळा नाहीत, पूर्ण बाहीचा स्वेटर असतोच.

तुमच्याकडे दोन गोष्टी मागते. एक, टॅटूची जाहिरात छापाल तिथे खाली चार ओळी मराठीत छापा, उकळून गार केलेलं पाणी, पातळ क्रीम, सैल सुती कपडा, ऊन आणि पोहणं बंद, आणि लाली पसरली तर डॉक्टर. दुसरं, आपल्या भागातल्या टॅटू काढणाऱ्या भावांना तुमच्या पेपरातून सांगा की गिऱ्हाइकाच्या हातात मराठीत छापलेली चिठ्ठी द्या, इंग्रजी कार्ड पोरं वाचत नाहीत, आणि त्यात आपल्या उन्हाचा विचार करून लिहा. आम्ही आमच्या काउंटरवर तसा कागद चिकटवलाय, कुणाला नमुना पाहिजे असेल तर दुकानात येऊन फोटो काढून न्यावा.

पुतणी यंदा पण आखाजीला येतेय. तुटलेली वेल तिला भरून घ्यायचीय, डिसेंबरची तारीख घेतलीये तिने. आखाजी तोंडावर आली आहे आणि लगेच यात्रा आहे, म्हणून पत्र जमलं तर याच आठवड्यात छापावं.

आपली नेहमीची वाचक,
एक औषध दुकानदार भगिनी, अमळनेर, जि. जळगाव
(नाव छापू नये ही विनंती)